जोकरला बालपण आहे, राक्षसाला नाही

दोस्तांनो, तुमच्यापैकी निम्म्यांच्या मोबाईलवर तो आहे. पांढरा रंग फासलेलं तोंड, लालभडक ओठ, हिरवे केस. खाली एखादं इंग्रजी वाक्य, जगानंच मला असं केलं या अर्थाचं. कुंभारीच्या घरकुलात तो आहे, वडाळ्याच्या झोपडपट्टीत आहे, गोदीत माझ्याबरोबर हुक घेऊन उभ्या असलेल्या पोराच्या फोनवर आहे. बाबासाहेबांच्या फोटोच्या शेजारी जोकर. मला त्यात पाप दिसत नाही. पण प्रश्न दिसतो, आणि तो मी इथं उघड मांडणार आहे. हा गोरा खुनी आपल्याला आपला का वाटतो? आणि आपल्या रंगाचा, आपल्या अंगाचा दुष्ट माणूस चित्रात आला की त्याच्या वाट्याला फक्त शिंगं आणि सुळेच का येतात?

आधी जोकरची कुंडली मांडू. तो जन्मला १९४० साली, बॅटमनच्या पहिल्या अंकात. बिल फिंगर, बॉब केन, जेरी रॉबिन्सन ही त्याला जन्माला घालणारी माणसं. चेहरा घेतला १९२८ च्या एका मूकपटातून. त्यात कॉनराड फाइट नावाच्या नटानं अशा माणसाचं काम केलं होतं, ज्याचं तोंड लहानपणीच कापून कायमचं हसरं करून टाकलं होतं. म्हणजे मुळात तो चेहरा जुलूम झालेल्या माणसाचा. कॉमिकवाल्यांनी चेहरा उचलला, जुलूम तिथंच टाकून दिला. पहिल्या अंकातल्या जोकरला कसलंच कारण नाही. रेडिओवरून सांगायचं, आज रात्री अमक्याला मारणार, आणि ठरल्या वेळी मारायचं. का? काही नाही. दुष्ट आहे म्हणून.

१९५१ साली त्याला पहिल्यांदा थोडा भूतकाळ मिळाला. चोरी करताना रसायनाच्या पाण्यातून पळाला, म्हणून कातडी पांढरी आणि केस हिरवे. मन अजून नाही, नुसती कातडी. मग १९५४ साली अमेरिकेत कॉमिकवर आचारसंहिता बसली आणि जोकर सर्कशीतला विदूषक होऊन बसला. ही संहिता आणायला ज्याचं पुस्तक कारणी लागलं तो फ्रेडरिक वर्दम, मनाचा डॉक्टर. कॉमिक वाचून पोरं गुन्हेगार होतात म्हणणारा. आज त्याला सगळे हसतात, आणि त्या बाबतीत हसावं असंच आहे. पण याच माणसानं १९४६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये काळ्या गरिबांसाठी मनाचा दवाखाना काढला होता. काळ्यांच्या वेगळ्या शाळांनी पोरांच्या मनाला जखम होते, हे त्यानं कोर्टात साक्ष देऊन सांगितलं. वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणारा निकाल अमेरिकेत लागला, तोही १९५४ सालीच. वर्दमची कॉमिकवाली गोष्ट जगाला पाठ आहे. हार्लेमवाली किती जणांना माहीत आहे? पोरगं बिघडलं की हातातलं पुस्तक तपासायचं, आणि ज्या शाळेत त्याला वेगळं बसवलं ती शाळा तपासायची नाही, ही खोड आपल्याकडंही आहेच.

१९७३ साली डेनिस ओ'नील आणि नील अ‍ॅडम्स यांनी जोकरला पुन्हा खुनी केला. १९८८ साली अ‍ॅलन मूर या लेखकानं आणि ब्रायन बोलंड या चित्रकारानं त्याला मन दिलं. पोट भरता न येणारा विनोदवीर, गरोदर बायको, घरभाडं थकलेलं. नाइलाजानं एका दरोड्यात सामील व्हायचं ठरवतो आणि त्याच दिवशी बायको अपघातात मरते. दरोडा फसतो, तो रसायनात पडतो, बाहेर निघतो तो जोकर होऊन. त्याचा सिद्धांत एवढाच, की एक वाईट दिवस पुरतो, मग कुठलाही शहाणा माणूस माझ्यासारखा होईल. आणि २०१९ साली टॉड फिलिप्सच्या सिनेमात वाकिन फिनिक्सनं जो जोकर केला, त्याला तर सगळंच मिळालं. नाव मिळालं, आर्थर फ्लेक. आजारी आई मिळाली. नको तिथं हसू फुटण्याचा रोग मिळाला. पोटासाठी फलक नाचवायचं काम, त्यात गल्लीतल्या पोरांचा मार. आणि लहानपणी झालेल्या छळाची दवाखान्यातली फाईल.

आता इथं थांबून बघा. १९४० च्या कारण नसलेल्या जोकरपेक्षा २०१९ चा जोकर जास्त भयंकर आहे. का? बंदूक तर दोघांकडंही आहे. कारण नसलेल्या खुन्याला आपण लांबून बघतो. कारण असलेला खुनी आपल्या आत शिरतो. आपण त्याच्याबरोबर जिना चढतो, त्याच्याबरोबर मार खातो. सरकारच्या काटकसरीत त्याचा सल्ला बंद होतो, गोळ्या बंद होतात, तेव्हा आपल्याला सिव्हिल हॉस्पिटलची खिडकी आठवते. 'औषध बाहेरून आणा' म्हणणारी. मग तो पहिली गोळी झाडतो तेव्हा आपलं बोट त्याच्या बोटावर असतं. दहशत अशी वाढते. पडद्यावर वाढत नाही, बघणाऱ्याच्या छातीत वाढते.

हे कळल्यावर मी आपल्या चित्रांकडं वळलो.

१९६७ साली मुंबईत अनंत पै यांनी अमर चित्र कथा सुरू केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारखे कसबी हात त्या कामाला होते. त्यांची रेघ जोरकस होती, हे कबूल न करणारा खोटारडा. बाबासाहेबांवर आणि चोखोबांवरही त्यांनी पुस्तकं काढली. पण देवादिकांच्या आणि पुराणांच्या पुस्तकांत राक्षस बघा. काळा, नाहीतर तपकिरी. जाड ओठ, बसकं नाक, अंगभर केस, पोट सुटलेलं, हसला की सुळे. आणि समोरचा राजपुत्र गोरा नाहीतर आकाशी, नाक तलवारीसारखं. लहान पोरगं ते पुस्तक बघतं आणि मग आरशात बघतं. वाचता येण्याआधीच त्याला कळतं, आपला चेहरा कुठल्या बाजूचा आहे.

कुणी म्हणेल, अरे, राक्षसालाही कथा असते की. असते. तपश्चर्या असते, वर असतो, शाप असतो. वैकुंठाच्या दारावरचे जय-विजय शापानं खाली येतात आणि हिरण्यकश्यपू होतात, रावण होतात. म्हणजे बघा गंमत. त्याच्या दुष्टपणाचं कारण त्याच्या पोटात नाही, त्याच्या गावात नाही, त्याच्या हिसकावलेल्या रानात नाही. ते वरच्या दरबारातल्या भांडणात आहे. खाली त्याला फक्त मरायचं काम. आर्थर फ्लेकची फाईल दवाखान्यात सापडते. राक्षसाची फाईलच नाही. त्याला आई असली तर ती राक्षसीण, आणि तिचंही नाक कापायचंच.

ही फाईल पहिल्यांदा कुणी उघडली? जोतिबांनी. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिताना या माणसानं तेच केलं जे अ‍ॅलन मूरनं शंभरावर वर्षांनी केलं. खलनायकाच्या बाजूनं गोष्ट सांगितली. पाताळात गाडलेला बळी हा आमचा राजा, आणि तीन पावलं मागणारा वामन हा जमीन बळकावणारा. आणि जोतिबांनी ही गोष्ट हवेतून आणली नव्हती. दिवाळीच्या पाडव्याला आमच्या आयाबाया इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो, असं म्हणतच होत्या. पुराणात जो हरला त्याला ओवाळत होत्या. लोकांच्या तोंडात खलनायकाचा भूतकाळ जिवंत होता, छापखान्यात नव्हता.

आता इंद्रजाल कॉमिक्स. १९६४ ला टाइम्सवाल्यांनी मुंबईतून काढलं, १९९० ला बंद पडलं. मराठीतही निघायचं, फँटम तिथं वेताळ झाला होता. माझ्या हाती ते रद्दीतून आलं, पानं सुटलेलं. वेताळ हा काळ्या माणसांच्या जंगलात सिंहासनावर बसलेला गोरा, हे आता सगळ्यांना कळतं, त्यावर शाई घालवत नाही. मला खटकतो तो बहादूर. आबिद सुरतींनी १९७६ साली उभा केलेला देशी नायक. भगवा कुर्ता, जीन पँट. हा डाकूचा पोरगा. बाप पोलिसांच्या गोळीनं मेला. ज्या अधिकाऱ्यानं बापाला मारलं त्यानंच पोराला वाढवलं, आणि पोरगं मोठं होऊन डाकूंच्या विरोधात नागरिकांचं दल उभं करतं. गोष्ट म्हणून झकास आहे. माणूस रक्तानं गुन्हेगार ठरत नाही, एवढं तरी सुरतींनी छातीठोक सांगितलं, त्याबद्दल त्यांना सलाम. पण अट काय? डाकूचं पोर चांगलं निघेल, पण पोलिसाच्या घरात वाढलं तर. आणि बापाचं काय? चंबळच्या खोऱ्यात माणूस बंदूक का उचलतो? बहादूर येण्याच्या चारच वर्षं आधी, १९७२ साली, शेकडो बागी जयप्रकाश नारायणांपुढं बंदुका ठेवून गेले होते. जमिनीचे तंटे, सावकार, ठाकुरांची वैरं हे सगळं तेव्हा पेपरात येत होतं. रंगीत पानांत त्यातलं किती उतरलं, हे ज्यांनी वाचलंय त्यांनी आठवून बघावं.

आणि आता माझ्या जिल्ह्याकडं येतो. कारण सगळ्यात मोठं कॉमिक सोलापुरात छापलं गेलं. त्यात चित्रं नव्हती, सरकारी शिक्के होते.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी उत्तरेत, पुढं १९११ च्या दुरुस्तीनं मुंबई इलाख्यातही. पारधी, कैकाडी, भामटे, मांगगारुडी अशा जमातींच्या जमाती कागदावर जन्मजात गुन्हेगार. जोकरला खुनी व्हायला एक वाईट दिवस तरी लागला. इथं आईच्या पोटातून बाहेर पडायचा दिवस पुरेसा होता. सोलापुरात सेटलमेंट उभी राहिली. भोवती तारांचं कुंपण, आत हजेरी. बाहेर जायचं तर परवानगी. आणि गंमत बघा, या 'जन्मजात गुन्हेगारां'चे हात गिरण्यांत मजुरीला चालत होते. रात्री चोर, दिवसा कामगार. सूत कातताना त्यांच्या रक्तात काही दोष नव्हता. स्वातंत्र्य आलं तरी कुंपण लगेच गेलं नाही. मुंबई इलाख्यात कायदा १९४९ ला गेला, देशभर ३१ ऑगस्ट १९५२ ला. माणसं 'विमुक्त' झाली. सोलापुरात आजही वस्तीचं नाव सेटलमेंट फ्री कॉलनी आहे. नावातच 'फ्री' लिहून ठेवावं लागतं अशी दुसरी वस्ती मला माहीत नाही.

तार गेली, शाई राहिली. १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. तुरुंगाच्या नियमांत विमुक्तांच्या नावावर जुनाच शिक्का चालत राहिला, तो पुसायला सर्वोच्च न्यायालयाचा ३ ऑक्टोबर २०२४ चा निकाल यावा लागला. तुरुंगात जातीवर कामं वाटायची नाहीत, विमुक्तांना जन्मावरून सराईत समजायचं नाही, हे न्यायालयाला २०२४ साली सांगावं लागलं. तोवर चंद्रावर यान उतरून वर्ष होऊन गेलं होतं.

मी कुंभारीचा. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचं गाव. इथं २००६ साली गोदूताई परुळेकरांच्या नावानं बिडी कामगारांची १०,००० घरं उभी राहिली. २०२४ च्या जानेवारीत रे नगरच्या १५,००० घरांचं वाटप झालं. सुपात पान-तंबाखू घेऊन दिवसभर बिड्या वळणाऱ्या बायांनी लढून मिळवलेली घरं आहेत ही. मला या पत्त्याचा गर्व आहे. पण एका गोदामात खोकी कमी भरली तेव्हा काय झालं सांगतो. पाळीत आम्ही नऊ जण. नावं वाचली, आडनावं वाचली, पत्ते वाचले. मला आणि एका पारधी दोस्ताला बाजूला उभं केलं. पिशवी उलटी केली, डबा उघडून भाकरी उलथून बघितली. दुसऱ्या दिवशी कळलं, मोजणीच चुकली होती. कुणी काही बोललं नाही. दोस्त हसला. ते हसू मी बघितलं आणि मला पडद्यावरचा आर्थर फ्लेक आठवला. जोकर आपल्याला आपला का वाटतो, त्याचं उत्तर तिथं आहे. त्याच्यासारखंच आपल्यालाही नको तिथं हसू येतं.

म्हणून मी त्या मोबाईलवरच्या फोटोला हसत नाही. पण त्याला पुढारीही करत नाही. का, ते ऐका.

पहिली गोष्ट. एका वाईट दिवसानं शहाणा माणूस खुनी होतो हा सिद्धांत खरा असता, तर आपल्या वस्तीत एक माणूस शहाणा राहिला नसता. आपल्याकडं वाईट दिवस नाहीत, वाईट पिढ्या आहेत. तरी आपल्या आज्या पहाटे उठून चूल पेटवत राहिल्या, पोराला शाळेत घालत राहिल्या. मूरच्या त्या पुस्तकातसुद्धा जोकर पोलिस कमिशनर गॉर्डनवर हाच प्रयोग करतो, त्याच्या मुलीला डोळ्यांदेखत गोळी घालतो, आणि गॉर्डन वेडा होत नाही. जोकर तिथंच हरलेला आहे. आपण हरलेल्याचा फोटो लावतो आहोत.

दुसरी गोष्ट. आर्थर फ्लेक कुणाकुणाला मारतो याची यादी करा. रेल्वेतले तीन मस्तवाल साहेब. ठीक, टाळ्या. मग स्वतःची आई. मग बरोबर काम करणारा सोबती. मग टीव्हीवरचा माणूस. ज्या काटकसरीनं त्याच्या गोळ्या बंद केल्या ती काटकसर जिवंतच. शहर पेटतं, दुसऱ्या दिवशी झाडायला कोण येणार? आपल्याच बाया. विद्रोह आणि वेड यांच्यातला फरक एवढाच आहे, दोस्तांनो. विद्रोहाला पत्ता माहीत असतो. वेडाची गोळी जवळच्या माणसाला लागते. आपल्या वस्तीत दारू पिऊन बायकोला मारणारा प्रत्येक जण अर्धा जोकर आहे. त्याच्याकडं भूतकाळ आहे, आणि तो भूतकाळ खरा आहे. म्हणून काय त्या बाईनं टाळ्या वाजवायच्या?

तिसरी गोष्ट. २०२४ साली त्याच सिनेमाचा दुसरा भाग आला. त्यात आर्थर कोर्टात कबूल करतो, की जोकर असा कुणी नाही, मीच आहे. त्याबरोबर त्याच्यावर जीव टाकणारे त्याला टाकून जातात. शेवटी तुरुंगातलाच एक जण त्याला भोसकतो. लोकांनी तो सिनेमा आपटला. मला तोच जास्त खरा वाटला. माणूस नको होता कुणाला, मुखवटा हवा होता.

मग खलनायकाची गोष्ट सांगायची कशी? आपल्याकडं ती सांगून झालीय. अंगुलिमाल. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये त्याच्या धम्मदीक्षेला जागा दिली आहे. पाली अट्ठकथेत त्याचं बालपणही आहे, आणि ते जोकरच्या फाईलपेक्षा धारदार आहे. कोसलच्या राजाच्या पुरोहिताचा हा मुलगा. जन्मला तेव्हाच ग्रहगोल बघून सांगितलं, हा चोर निघणार. म्हणजे १८७१ चा कायदा पाळण्यातच. बापानं त्यावर उतारा म्हणून नाव ठेवलं अहिंसक. तक्षशिलेला शिकायला गेला, सगळ्यांत हुशार निघाला. सोबती जळले, गुरूचे कान भरले. गुरूनं उघड हाकललं नाही. दक्षिणा मागितली, हजार बोटं. एकलव्याकडून एका गुरूनं एक अंगठा घेतला, आणि दुसऱ्या गुरूनं आपल्याच शिष्याला हजार बोटं कापायला पाठवलं. एकाची विद्या मारली, दुसऱ्याचं माणूसपण. पुढं मोजणी सुरू झाली. बोटं झाडाला लटकवली तर पाखरं खायची, हिशेब चुकायचा, म्हणून गळ्यात माळ. गावं ओस पडली. शेवटच्या बोटासाठी समोर आली ती त्याची आई, असं अट्ठकथा सांगते. आर्थरनं आईच्या तोंडावर उशी दाबली. अंगुलिमालाच्या आणि आईच्या मध्ये बुद्ध येऊन उभे राहिले.

आणि खरी गोष्ट त्याच्या पुढं आहे. अंगुलिमाल भिक्खू होतो. राजा पाचशे घोडेस्वार घेऊन त्याला धरायला निघालेला असतो, तो समोर चीवरातला भिक्खू बघून आधी घाबरतो, मग नमस्कार करतो. पण गावातली माणसं? ती त्याला दगड मारतात. भिक्षापात्र फुटतं, डोकं फुटतं, तो रक्तबंबाळ होऊन परत येतो. बुद्ध त्याला सांगतात, सोस, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे. गुरूनं फसवलं होतं हे बुद्धांना माहीत नव्हतं का? पण ज्यांची बोटं गेली त्यांच्या घरच्यांना ते सांगून काय उपयोग? भूतकाळ समजून घ्यायचा आणि हिशेबही सोडायचा नाही. दोन्ही एकाच वेळी. हे जमलं तोच धम्म, आणि गोष्ट लिहिणाऱ्यालाही हेच जमायला हवं.

म्हणून चित्र काढणाऱ्या पोरांनो, तुम्हाला सांगतो. मोबाईलवर तयार जोकर चिकटवणं बंद करा. वही घ्या. सेटलमेंटच्या हजेरीत नाव पुकारलेलं पोर काढा. त्याला नाक द्या, आई द्या, आडनाव द्या. त्याच्या हातून चुकीचं घडत असेल तर तेही काढा, लपवू नका. ज्या गुरूनं हजार बोटं मागितली त्याचा चेहरा मात्र नीट काढा, ओळखू येईल असा. आजवर आपल्या कॉमिकात तोच चेहरा कोरा सोडलेला आहे. छपाईचं बघू. पाळीचे पैसे आले की कागदाचं माझ्याकडं लागलं.